ओळखीपाळखीचा धंदा

ज्याला आपला धंदा एका शब्दात सांगता येतो तो माणूस भाग्यवान समजावा. 'वकील' म्हटले की काळा डगला दिसतो, 'शिंपी' म्हटले की गळ्यातली टेप दिसते, आणि 'विमा एजंट' म्हटले की ऐकणाऱ्याला एकाएकी बाहेर काहीतरी निकडीचे काम असल्याचे आठवते. पण निदान कळते तरी! माझ्या धंद्याचे तसे नाही. मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे. मराठीत कोणी कोणी याला 'आभासी सहायक' असे म्हणतात. हा शब्द मी मोठ्या हौसेने सासूबाईंना ऐकवला, तेव्हा हातातली जपमाळ थांबवून त्या म्हणाल्या, "म्हणजे तू मदत करतेस असा नुसता भास होतो, असंच ना?"

वाचकांपैकीही कित्येकांच्या मनात हेच आले असेल, म्हणून थोडा खुलासा करते. पूर्वी मोठ्या साहेबाच्या खोलीबाहेर एक सेक्रेटरी बसत असे. पत्रे टाइप करायची, भेटीच्या वेळा ठरवायच्या, विमानाची तिकिटे काढायची, साहेबांना त्यांच्याच लग्नाच्या वाढदिवसाची आठवण द्यायची, आणि नको असलेला माणूस आला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असे चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगायचे, हा तिचा धर्म. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत मी सतरा वर्षे ही खुर्ची सांभाळली. २०१८ साली सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि मी नोकरी सोडली. ती खुर्ची मग आमच्या नौपाड्यातल्या घराच्या गॅलरीत आली. फरक इतकाच की पूर्वी साहेब एक होता आणि तो दिसत असे. आता साहेब तीन झाले आणि ते दिसेनासे झाले.

हे तीन साहेबही तीन दिशांना. मेलबर्नच्या हिशेबनिसांची सकाळ आमच्या पहाटे साडेचारला उजाडे. टेक्सासमधल्या एका बाईंची संध्याकाळी साडेसात-आठला. तिसरे मुंबईचेच, पण त्यांना मी कधी पाहिले नव्हते. पत्रे, तारखा, बिले, प्रवास ही सगळी कामे पडद्यावर, आणि पैसे तासाच्या हिशेबाने बँकेत. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळे जगच घरात बसून काम करू लागले, तेव्हा आम्ही या विद्येत दोन वर्षे पुढे होतो. मिळकत बरी होती. आमच्या ह्यांच्या पगाराला माझा हातभार म्हणण्यापेक्षा माझ्या पैशांना त्यांचा हातभार आहे, असे मी एकदा थट्टेने म्हटलेही होते. ते हसले, पण जरा उशिरा हसले.

गंमत अशी की आमच्या इमारतीत कोणालाही मी काम करते हे ठाऊक नव्हते. डब्याची पिशवी घेऊन आठ सत्तावीसची गाडी पकडते ती बाई कामाला जाते, आणि जी जात नाही ती घरीच असते, हा आमच्याकडचा सरळ हिशेब. त्यामुळे "वहिनी, तुम्ही घरीच असता ना? आमचं पार्सल तेवढं घेऊन ठेवा" असे म्हणत साऱ्या जिन्याने मला आपले टपाल कार्यालय केले होते. एका दिवाळीच्या आठवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीत परक्यांची एकोणीस खोकी होती. मेलबर्नशी बोलताना मी त्यातल्या एकावर वही ठेवून लिहीत असे.

तर असे सारे सुरळीत चालले असताना टेक्सासच्या बाईंचे पत्र आले. पत्र तीन ओळींचे. माझ्या कामाबद्दल त्यांना नेहमीच आदर वाटला होता. आता ते काम एक संगणकीय प्रोग्रॅम करू लागला आहे. महिनाअखेर हिशेब पुरा करावा. त्या प्रोग्रॅमचे महिन्याचे भाडे वीस डॉलर होते, हे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले होते. माझ्या मिळकतीचा निम्म्याहून मोठा भाग त्या तीन ओळींबरोबर गेला. चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ह्यांच्या कंपनीत माणसे कमी करण्याची कुजबुज. त्या रात्री मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. वही मिटली, पुन्हा उघडली. आकडे तेच होते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला आता नोकरी कोण देणार? आणि सासूबाईंना काठी घेऊन चालता येत असले तरी दिवसभर एकटे कसे ठेवणार?

पहिले काही आठवडे मी इंटरनेटवरच्या कामाच्या बाजारात हिंडले. तिथे एका कामासाठी पाच खंडांतली माणसे बोली लावतात, आणि जो सर्वांत कमी मागतो त्याच्याकडे सर्वांचे डोळे लागतात. मला एकाने तासाला तीन डॉलर देऊ केले, वर 'हसतमुख स्वभाव आवश्यक' अशी अट घातली. या बाजारात माझी सतरा वर्षांची सेक्रेटरीगिरी, माझे शुद्धलेखन, माझा शब्द न मोडण्याचा स्वभाव, यांपैकी काहीही कोणाला दिसण्याची सोय नव्हती. दिसत होता फक्त दर.

काम मिळाले ते निराळ्याच ठिकाणी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय पुष्कळांना ठाऊक असेल. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था. तिथे मी दर शनिवारी पुस्तक बदलायला जाते. तिथेच एक डॉक्टरीणबाई येत. सहा वर्षांत आमच्या ओळखीची मजल मान हलवण्यापर्यंत गेली होती. त्या रहस्यकथा नेतात आणि मी आत्मचरित्रे, एवढीच एकमेकींविषयी माहिती. एका शनिवारी त्या कपाटाआड उभ्या राहून फोनवर कोणाची तरी काकुळतीने क्षमा मागत होत्या. दोन रोग्यांना एकच वेळ दिली गेली होती, आणि हे त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. फोन ठेवून त्या माझ्याकडे पाहून कसनुसे हसल्या. मी म्हटले, "डॉक्टर, या भेटींच्या वेळा सांभाळायचं काम मी करते. तोच माझा व्यवसाय आहे." त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "तुम्ही? सहा वर्षं तुम्ही इथे माझ्यासमोर उभ्या आहात?"

सोमवारपासून मी त्यांची वही सांभाळू लागले. हे काम फार मोठे नव्हते. पण माझ्या चुलत-मावस नात्यातली निदान चाळीस कुटुंबे ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत पसरलेली असताना, जिचे आडनावही मला माहीत नव्हते अशा बाईकडून काम मिळावे, याचे मला नवल वाटले. नातेवाइकांना मी कळवले नव्हते असे नाही. मावसभाऊ म्हणाला, "अगं, पण तू तर नोकरी सोडलीस ना?" नणंदबाई हळहळल्या आणि त्यांनी मला तळलेल्या मोदकांची ऑर्डर देऊ केली.

या नवलाचा उलगडा मला चिरंजीवांनी केला. हल्लीची मुले आईला शहाणे करण्याची संधी सोडत नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातल्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्याने विचारले की ज्याच्यामुळे नोकरी लागली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा, म्हणजे अगदी जवळचा, असे सांगणारे शंभरात सतराच्या आसपास निघाले. निम्म्याहून अधिकांना अधूनमधून दिसणाऱ्या माणसाने काम मिळवून दिले होते, आणि पाव हिश्शाहून अधिकांना वर्षातून एखाद्या वेळी भेटणाऱ्याने! कारण विचाराल तर साधे आहे. आपली जवळची माणसे आपल्याच वर्तुळात फिरतात. आपल्याला जे ठाऊक तेच त्यांना. मान हलवण्यापुरत्या ओळखीचा माणूस मात्र दुसऱ्याच जगातून येतो, आणि येताना तिकडच्या बातम्या घेऊन येतो. मला वाटते, आमच्या आजीला हे निबंधाशिवाय कळत होते. लग्नाची स्थळे तिला सख्ख्या बहिणींकडून कधी कळली नाहीत. ती कळत ती बोहारणीकडून आणि पुराणाला येणाऱ्या बायकांकडून.

मग मी ठरवले की ज्यांना आपण ओळखत नाही अशा ठाणेकरांना भेटायचे. ही गोष्ट ठरवायला सोपी. पण मध्यमवर्गीय मराठी बाईच्या जिवावर येते. ओळख काढायची ती गावाची, माहेरची, फार तर कोणत्या शाळेत होता याची. आपल्या कामाची ओळख करून देणे म्हणजे पदर पसरणे, अशी आमची शिकवण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आम्ही बायका घरोघर हळदीकुंकवाला जातो. एकेका घरी तीस-तीस जणी भेटतात. त्यांत शिक्षिका, शिवणाचे काम करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, डबे पुरवणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या अशा सगळ्या असतात. पण तिथे बोलणे होते ते मुलांच्या परीक्षांचे आणि साडीच्या काठांचे. वाण घेऊन आपण बाहेर पडतो, आणि शेजारी बसलेल्या बाईला आपल्यासारख्याच बाईची गरज होती हे दोघींनाही कळत नाही. इतकी उत्तम, इतकी जुनी, चहा-फराळासकट चालणारी व्यवस्था, आणि आपण तिच्यातून फक्त प्लॅस्टिकचे डबे घरी आणतो!

पुरुषांनी ही गोष्ट केव्हाच धंद्याशी जोडली. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन जणांना एकत्र बोलावले; एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक कपडे शिवणारा. हॅरिस लहान गावात वाढलेला. एवढ्या मोठ्या शहरात त्याला एकटे एकटे वाटे. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचे, म्हणून नाव पडले रोटरी. आज रोटरी म्हटले की आपल्याला समाजसेवा आठवते, पण सुरुवातीच्या दिवसांत एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा आणि एकमेकांना गिऱ्हाइके द्यायची असा रिवाज होता. कोणी कोणाला किती काम दिले याची नोंदसुद्धा ठेवीत. पुढे १९८५ साली कॅलिफोर्नियात आयव्हन मिस्नर यांनी बीएनआय ही संस्था काढली, ती सरळ याच हेतूने. आपल्याकडे ती शहरोशहरी पोहोचली आहे. मराठी उद्योजकांसाठी रेल्वेतले अभियंते माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब सुरू केला. तात्पर्य, पडद्यावर सारे जग भेटत असतानाही माणसे भल्या पहाटे अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, एकमेकांचे चेहरे पाहायला जमतात.

अशाच एका मंडळीत मी पाहुणी म्हणून गेले. वर्गणी भरण्याआधी पाहुणे म्हणून जाता येते, ही फार चांगली सोय आहे. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी ती अवश्य घ्यावी. वेळ सकाळी सातची. इडली होती, पातळ कॉफी होती, आणि टाळ्या फार होत्या. कोणी नाव सांगितले की टाळ्या, कोणी बसले की टाळ्या. मला इतक्या सकाळी इतका उत्साह सोसत नाही. प्रत्येकाने एका मिनिटात आपला धंदा सांगायचा होता. माझी पाळी आली तेव्हा मी घरून लिहून नेलेले वाक्य म्हटले: "मी लहान उद्योगांना दूरस्थ प्रशासकीय साहाय्य पुरवते." टाळ्या झाल्या. पण त्या कशाच्या, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

कॉफीच्या वेळी वागळे इस्टेटमधले एक कारखानदार माझ्यापाशी आले. वागळे इस्टेट म्हणजे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर झालेल्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. आता तिथे काचेच्या इमारती उठल्या आहेत. पण मधूनमधून जुन्या शेडी अजून खडखडत असतात, तसल्याच एका शेडीत यांचे लोखंडी कामाचे वर्कशॉप. वय पासष्टच्या पुढे, मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही नक्की करता काय?"

मी म्हटले, "काका, तुमची बिलं थकलेली असतील ना?"

"ती कोणाची नसतात?"

"तर मी दर सोमवारी तुमच्या गिऱ्हाइकांना फोन करते, गोड बोलते, आणि पैसे कधी पाठवताय त्याची तारीख वहीत लिहून घेते. पुढच्या सोमवारी ती तारीख त्यांना वाचून दाखवते."

काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. शेजारचे दोघे वळले. एकाने खुर्ची जवळ ओढली. जे एका मिनिटाच्या भाषणाने झाले नव्हते ते या दोन वाक्यांनी झाले, आणि त्या दिवसापासून मी 'सोमवारचा फोन करणाऱ्या वहिनी' म्हणून ओळखली जाते. ओळख देताना पदवी सांगू नये, समोरच्याचे दुखणे सांगावे; त्याला ते लक्षात राहते, आणि मुख्य म्हणजे ते दुसऱ्याला सांगता येते. काकांनी मला पुढे तीन ठिकाणी पाठवले ते याच चार शब्दांवर.

पण काम मिळायला अजून एक पायरी होती. मेलबर्नच्या साहेबांनी मला घेतले तेव्हा सात पानांचा करार पाठवला होता. काकांनी करार मागितला नाही. ते रविवारी सकाळी घरी आले. "इकडे आलोच होतो," म्हणाले. पण नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत सहज येण्यासारखे काही नाही. चहा घेतला. सासूबाईंशी बोलले, त्यांचे माहेर कुठले ते विचारले, गॅलरीतले माझे टेबल पाहिले, त्यावरच्या फायलींची रांग पाहिली, भिंतीवरचा लग्नातला फोटोसुद्धा पाहिला. स्थळ पाहायला आल्यासारखे सगळे चालले होते. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "उद्यापासून बघा आमची बिलं."

मी हसले खरी, पण नंतर विचार केला तर त्यात हसण्यासारखे काही नव्हते. या धंद्यात माणूस आपल्याला घराच्या किल्ल्याच देतो म्हणा ना! त्याची पत्रे आपण वाचतो, कोणाकडून किती येणे आणि कोणाचे किती देणे हे आपल्याला कळते, मुलाशी त्याचे पटत नाही हेही कळते. असल्या किल्ल्या कोणाच्या हाती देताना त्याचे दार कुठे आहे हे पाहून ठेवावे असे वाटणारच. मीही माझ्याकडून एक नियम पाळते: बँकेचे खाते मी पाहण्यापुरते मागते, व्यवहाराचा अधिकार घेत नाही, आणि कोणी फोनवर आलेला गुप्त क्रमांक सांगू लागले की मीच कानावर हात ठेवते. काकांना हा नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला. त्यांचा माझ्यावरचा विश्वास त्यानेच बसला असावा, चहाने थोडासा.

काकांच्या वहीत एक गोष्ट सापडली ती इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. त्यांच्याकडे उद्यम नोंदणीचा कागद होता, पण तो फाइलीत झोपला होता. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते व्हावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मी एवढेच केले की प्रत्येक बिलावर आणि पत्रावर तो नोंदणी क्रमांक छापला, आणि खाली एक नम्र ओळ घातली. भांडण नाही, वकील नाही. सोमवारच्या फोनची ही लेखी बहीण. चार महिन्यांत काकांची दोन वर्षे अडकलेली दोन मोठी येणी सुटली. ते पेढे घेऊन आले आणि त्यांच्या सीएला माझे नाव सांगून गेले.

सीएंची भेट मात्र मी काही मागण्यासाठी घेतली नाही. डॉक्टरीणबाई चांगला सीए शोधीत होत्या. मी दोघांची गाठ घालून दिली आणि गप्प बसले. या भेटीगाठींचे एक मर्म माझ्या ध्यानात आले आहे ते हे की आपली गरज घेऊन गेलेला माणूस दारातूनच ओळखू येतो. अशा सभांत काही जण पत्त्यांचा डाव वाटावा तशी आपली कार्डे वाटीत फिरतात, प्रत्येकाबरोबर फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कोणाचे तोंड आठवत नाही. मी एक वही ठेवली आहे. भेटलेल्या माणसाला काय हवे आहे ते घरी आल्यावर तीत लिहिते. कोणाला पॅकिंगची खोकी हवी असतात, कोणाला दुपारची शिकवणी, कोणाला आईसाठी रात्रीची बाई. यातले नव्वद टक्के माझ्या धंद्याचे नसते. पण ज्याला आपण खोकी मिळवून दिली तो पुढे सहा महिन्यांनी, आपण विसरलेले असताना, फोन करतो.

टाळ्यांच्या त्या मंडळाची सभासद मी झाले नाही. दर आठवड्याला पहाटे उठून जाणे सासूबाईंच्या औषधांच्या वेळात बसत नव्हते, आणि महिन्याला कोणाला किती कामे दिली याचा तक्ता भरणे माझ्या स्वभावात बसत नव्हते. पण ज्यांना जमते त्यांनी जरूर जावे. मला काका तिथेच भेटले. मी महिन्यातून एकदा एका लहान बैठकीला जाते. दहा-बारा जण असतो, एकेकाच्या दुकानात किंवा कचेरीत जमतो, आणि तिथे पैशाची गोष्ट मोकळेपणी होते. मला आयुष्यात प्रथम आपला दर मान वर करून सांगता आला तो तिथे. पूर्वी मी "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" असे म्हणत असे. तिथल्या एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी मला बजावले, "ताई, योग्य वाटेल ते म्हटलं की कोणालाच काही योग्य वाटत नाही."

गावातल्या धंद्याचे सगळेच गोड आहे असे कोणी समजू नये. डॉलर ते डॉलर. टेक्सासच्या एकट्या बाईंकडून येत असे तेवढे मिळवायला इथे मला पाच गिऱ्हाइके लागतात, आणि ती पाचही रात्री साडेदहाला फोन करू शकतात. एकदा डॉक्टरीणबाईंचा एक रोगी दाढदुखीने गाल धरून थेट आमच्या दारात उभा राहिला. त्याला वाटले दवाखाना इथेच आहे. आज माझी मिळकत पूर्वीइतकी झालेली नाही. पाऊण हिश्शापर्यंत आली आहे. चिरंजीवांची फी मात्र दोन्ही वेळा मुदतीत भरली गेली, आणि ह्यांच्या कंपनीतली कुजबुज वाढली तेव्हा ते रात्री दुधाची वही शोधीत हिंडले नाहीत.

आणि पैसे बुडवणारेही आहेतच. परदेशातल्या एकाने पूर्वी माझे दोन महिन्यांचे काम घेऊन तोंड फिरवले. सात समुद्रांपलीकडे त्याचे मी काय करणार? पत्रे लिहून लिहून कंटाळले. इथेही एकाने तीन महिने टोलवले. पण ठाण्यात बुडवून माणूस जाणार कुठे? कधी ना कधी राम मारुती रोडवर समोर येणारच. हे गृहस्थ आकाशकंदील घेताना दिसले, पत्नीसह. मी नमस्कार केला, कंदिलाची तारीफ केली, आणि काहीही बोलले नाही. संध्याकाळपर्यंत पैसे जमा झाले होते.

माझ्या या धंद्याची सर्वांत मोठी प्रचारक मात्र मला घरातच मिळाली. काका घरी येऊन गेल्यापासून सासूबाईंच्या मनातला 'भास' ओसरला होता. त्यांच्या भजनी मंडळात आमच्या भागातल्या गुरुजींची चर्चा निघाली. गुरुजी विद्वान, वाणी स्वच्छ, पण विसरभोळे. श्रावणात एकाच सकाळी दोन वास्तुशांती कबूल करून बसलेले. सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगितले, "आमच्या सूनबाईकडे पाठवा. ती लोकांच्या वेळा सांभाळते." डॉक्टर, कारखानदार, सीए यांच्यानंतर माझ्या वहीत गुरुजी आले.

आणि गणेशचतुर्थी आली. त्या एका दिवशी गुरुजींना सव्वीस घरी प्रतिष्ठापना करायची होती. पूर्वी ज्याचा फोन आधी त्याचे घर आधी, असा हिशेब. त्यामुळे स्कूटर नौपाड्यातून पाचपाखाडीला, तिथून चरईला आणि पुन्हा नौपाड्यात. मी सव्वीसही यजमानांना आधी फोन केले, कोणाच्या घरी लहान मूल आहे, कोणाला कामावर जायचे आहे ते विचारले, आणि गल्ल्यांप्रमाणे यादी लावली: आधी उथळसर आणि चरई, मग घंटाळी, पाचपाखाडी, आणि शेवटी नौपाडा. गुरुजी घरातून निघाले की मी पुढच्या घरी कळवायचे, "अर्ध्या तासात येताहेत, पाट मांडा." त्या दिवशी गुरुजींना कोणाचेही घालून पाडून बोलणे ऐकावे लागले नाही.

फक्त आमच्या घरचे ऐकावे लागले. यादीत शेवटचे घर आमचे होते. दुपारचे सव्वादोन वाजले, उकडीचे मोदक गार झाले, आणि सकाळपासून पाण्याशिवाय काही न घेतलेल्या सासूबाई काठी आपटीत म्हणत होत्या, "साऱ्या ठाण्याच्या वेळा सांभाळते, आणि घरच्या गणपतीला ताटकळत ठेवते!" गुरुजी आले, पूजा झाली. निघताना सासूबाईंनी त्यांच्या हातावर दक्षिणा आणि नारळ ठेवला, आणि उंबऱ्यातच गुरुजींनी खिशातून फोन काढून माझ्या महिन्याचे पैसे पाठवले. माझ्या वहीत त्या तारखेला गुरुजींच्या नावावर दोन्ही रकाने भरलेले आहेत.

दारात उभ्या उभ्या सासूबाई त्यांना विचारीत होत्या की लग्नसराईत तुमचं त्या मंगल कार्यालयाच्या मॅनेजरांशी बोलणं होतं का? होते, असे दिसते. त्यांच्याकडे मार्गशीर्षातल्या तारखांचा फार घोळ आहे म्हणे. येत्या गुरुवारी मी त्यांना भेटायला जाणार आहे.